रुईघरातली तीज

आमची शाळा पूर्वी जिनिंग होती. घाटंजीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत, पळसाच्या जंगलाला लागून. जिथे कापसाच्या गाड्या उलट्या व्हायच्या तिथे आता प्रार्थना होते, आणि सरकी काढणारे रेचे चालायचे त्या लांब हॉलमध्ये अभ्यासिका आहे. पोरं तिथे ओळीनं बसतात आणि इतकी शांत बसतात की पाहुणे दारातच थबकतात. जिल्ह्यात आमच्यासारखा निकाल कुणाचा लागत नाही. मीही याच निवासी शाळेत शिकले आणि आता इथेच गणित शिकवते. बबिता राठोड. तांड्यावरून येऊन शिक्षिका झालेली म्हणून संस्थेच्या माहितीपत्रकात माझा फोटो असतो. फोटोत मी हसते आहे.

हॉलच्या मागे एक दगडी खोली आहे, तिला सगळे रुईघर म्हणतात. सरकी काढलेली रुई तिथे साठवत. खिडकी नाही, एकच जाड सागवानी दार. भिंतींच्या फटीत आणि वर वाशांमध्ये जुना कापूस अजून अडकलेला आहे, त्यामुळे आत आवाज घुमत नाही. टाळी वाजवली तर ती हातातच राहते. हे साधं विज्ञान आहे आणि मी ते मुलांना समजावून सांगत आले आहे.

प्रवेशाच्या दिवशी नवं मूल या खोलीत एकटं जातं. दारात चपला काढायच्या, आत जायचं आणि आपल्या घरच्या बोलीत मनात येईल ते सगळं बोलायचं, बोलणं संपेपर्यंत. मग बाहेर यायचं. त्यानंतर शाळेची भाषा. संस्थापकांपासूनची ही रीत आहे, हिला ‘बोली ठेवणं’ म्हणतात. आमच्या मुख्याध्यापिका इंदुताई पालकांना सांगतात, ‘मूल मोकळं होतं हो. घराची आठवण तिथेच राहते, मग अभ्यासाला जागा होते.’ मला ते पटायचं. मीही लहानपणी त्या खोलीत गेले असणार. आत काय बोलले ते आठवत नाही. आमची बंजाऱ्यांची गोरबोलीही आठवत नाही, ‘याडी’ एवढा एक शब्द सोडून. याडी म्हणजे आई. वापर नसला की भाषा गंजते, असं मी लोकांना सांगते. तांड्यावर गेले की सगळे माझ्याशी वऱ्हाडीत बोलतात आणि आपसात गोरबोलीत, आणि मी दोन्हीकडे पाहत हसत बसते.

गेल्या जूनमध्ये मी माझ्या भाचीला, अंजूला, इथे आणलं. पूनमसिंग माझा भाऊ. त्याची बायको नंदाबाई पोरीला पाठवायला तयार नव्हती.

‘तांड्याजवळ शाळा हाय ना,’ ती म्हणाली. ‘कायले नेतं तिले?’

‘वहिनी, डॉक्टर होईल ती. तिथे राहून काय होणार आहे?’

‘काही नाही होणार. माही पोरगी राहीन.’

मी हट्टानं नेलं. माझ्या फोटोशेजारी तिचा फोटो यावा असं मला वाटत होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

अंजू बडबडी होती. डावखोरी, दात पुढे, सारखी गुणगुणायची. रुईघराच्या दारात तिनं चपला काढल्या आणि माझा हात धरला.

‘आत्या, आत कोण हाय?’

‘कोणी नाही,’ मी म्हणाले. मी दार लावलं आणि बाहेर उभी राहिले. दरवर्षी दारापाशी मीच असते, किल्ली माझ्याकडेच असते.

त्या दारातून शब्द ऐकू येत नाहीत, नुसती गुणगुण येते. अंजूची गुणगुण मला ओळखू येत होती. ती बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. मग माझ्या लक्षात आलं की ती थांबते तेव्हाही आवाज येतो. दुसरा आवाज. तिच्याहून लहान, जरा नाकातला. एक विचारतंय आणि दुसरं सांगतंय, असं चाललं होतं. मध्येच दोघी हसल्या.

माझा हात कडीवर गेला. शपथेवर सांगते, गेला होता. पण व्हरांड्यातून इंदुताई येत होत्या, त्यांच्यासोबत पालक होते, आणि आपलंच माणूस आत असताना आपणच रीत मोडली तर कसं दिसेल, असं मला वाटलं. भिंतींचा परिणाम असेल, असंही वाटलं. मी कडी सोडली.

अंजू बाहेर आली. चपला घातल्या. पट्टा लावताना तिनं उजवा हात वापरला.

‘झालं का गं?’ मी विचारलं.

‘हो मॅडम,’ ती म्हणाली. ‘आभारी आहे.’

जुलैत तिनं वर्गातल्या सगळ्यांना मागे टाकलं. इंदुताईंनी मला पेढा दिला. अंजूचं अक्षर आता छापल्यासारखं होतं, उजव्या हातानं काढलेलं. ती गुणगुणत नव्हती. व्हरांड्यात गाठ पडली, आजूबाजूला कोणी नसलं, तरी ‘नमस्कार मॅडम’ म्हणून बाजूला उभी राहायची. सवय होतेय तिला, असं मी स्वतःला सांगत होते. माझं स्वतःशी बोलणं अलीकडे बरंच वाढलं होतं.

श्रावणात भेटीच्या रविवारी नंदाबाई आली. डोक्यावर टोपली, टोपलीत पळसाच्या पानांवर वारुळाची माती, आणि पदराच्या गाठीत भिजवलेल्या गव्हाची पुरचुंडी. तीज होती. आमच्यात श्रावणात लग्न न झालेल्या पोरी टोपलीत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात, आणि शेवटच्या दिवशी रडत रडत ते अंकुर ओढ्यात सोडतात. जिच्या नावाची टोपली, तिनंच पेरायची आणि तिनंच पाणी घालायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. मी स्वतः कधी तीज पेरली नाही. पेरायचं वय झालं तेव्हा मी इथे होते.

फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली अंजू आईसमोर ताठ उभी राहिली. नंदाबाई तिच्याशी गोरबोलीत बोलायला लागली. भराभरा, हसत, तिच्या गालाला हात लावत. अंजू ऐकत राहिली, नम्रपणे, परक्या गावच्या माणसाचं ऐकावं तसं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘मॅडम, या बाई काय म्हणतात?’

नंदाबाईचा हात तसाच राहिला.

‘तीज पेरायची आहे तुला,’ मी घाईनं म्हणाले. ‘गहू पेर.’

अंजूनं टोपलीत पाहिलं. ‘हा अंकुरणाचा प्रयोग आहे. आमच्या वर्गात झालेला आहे,’ ती म्हणाली. ‘गहू एकदल वनस्पती आहे. मी जाऊ का? अभ्यासिकेची वेळ झाली.’

ती गेली. नंदाबाई रडली नाही. तिनं पदराची गाठ सोडून गव्हाची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. ‘लाजून राह्यली असन मले,’ ती म्हणाली. ‘तू समजाव तिले. तिच्याच हातानं पेराले लाव. पुढच्या रविवारी मी येतो पाहाले.’

‘हो वहिनी,’ मी म्हणाले. आणखी एक खोटं.

घरचं सामान वसतिगृहात चालत नाही. टोपली इंदुताईंच्या नजरेला पडली असती तर चार प्रश्न झाले असते. रुईघर जूनशिवाय उघडत नाही आणि किल्ली माझ्याकडे होती. मी टोपली आणि पुरचुंडी आत कोपऱ्यात ठेवली, कुलूप लावलं आणि आठवडाभर दुसऱ्या कामांत स्वतःला बुडवून घेतलं. पुढच्या रविवारी बाजारातून उगवलेला गहू आणून दाखवू, असाही विचार करून झाला होता. गणिताची शिक्षिका असून पोरीच्या आईला फसवायचा हिशेब मी किती बारकाईनं मांडला होता, ते आठवलं की लाज वाटते.

रविवारी दुपारी वहिनी यायच्या आधी मी कुलूप काढलं. दार उघडताच ओल्या मातीचा वास आला.

पुरचुंडीचं फडकं घडी करून ठेवलेलं होतं. टोपलीत गहू उगवला होता, बोटभर उंच. अंधारात वाढलेला, म्हणून पिवळट. माती ओली होती, नुकतंच पाणी घातल्यासारखी. बाजूला पितळी तांब्या. तो आमच्या शिपायाचा, नानाजींचा. मी त्यांना विचारलं.

‘माहाच हाय,’ नानाजी म्हणाले. ‘चार-पाच दिवसांपासून सापडून नाही राह्यला. कुठी भेटला?’

मी सांगितलं नाही. नानाजींकडे किल्ली नव्हती. दुसरी किल्ली कुठे नव्हतीच.

मी टोपली नंदाबाईसमोर ठेवली. ती वाकली, आणि तिचा चेहरा उजळला.

‘अंजूनंच पेरली,’ ती म्हणाली. ‘हे पाय ना, एका बाजूनं दाट, एका बाजूनं पातळ. डाव्या हातानं फेकते ते. दरसाल असंच करते.’

अभ्यासिकेच्या खिडकीतून अंजू दिसत होती. उजव्या हातात पेन धरून, मान खाली घालून लिहीत होती. नंदाबाईनं तिकडे पाहिलं. पुन्हा टोपलीकडे पाहिलं. ती शिकलेली नाही, पण तिला वेळ लागला नाही.

‘टोपली कुठी होती?’

मी सांगितलं. सगळं सांगितलं. दोन आवाज, कडीवरचा हात, सगळं. ती मला मारेल असं वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

‘चाल,’ ती एवढंच म्हणाली.

रुईघरात ती एकटीच गेली. दार तिनं आतून ओढून घेतलं. मी पुन्हा त्याच दाराबाहेर, त्याच जागी उभी राहिले. आत ती गाणं म्हणायला लागली, तिजेचं. शब्द मला कळत नव्हते. पण चाल कुठेतरी पोटात ओळखीची होती, आणि ती पुढे कुठे वळणार हे मला आधीच कळत होतं.

दुसऱ्या ओळीला अंजूचा आवाज तिच्या आवाजाला येऊन मिळाला.

मी खिडकीकडे धावले. अंजू अभ्यासिकेत होती. तोंड मिटलेलं. पान उलटत होती.

मी परत दाराशी आले. आत आता तिघी गात होत्या. तिसरा आवाज लहान, नाकातला, एक ओळ मागे राहणारा. शब्द न येणाऱ्या पोरी मोठ्या पोरींच्या मागे गातात तसा.

नंदाबाई बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत कापसाचे तंतू होते.

‘आतमंदी लई पोरं हायेत,’ ती म्हणाली. ‘कोणी कोलामी बोलते, कोणी गोंडी, कोणी आपल्या वऱ्हाडीत आईले हाका मारून राह्यलं. आपल्या बोलीतल्या दोघीच हायेत. एक माही हाय.’

‘आणि दुसरी?’

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्या पाहण्यात कीव होती.

‘तू शाळेत आलती तवा जेवढी होती, तेवढीच हाय,’ ती म्हणाली. ‘तुह्यासारखीच नाकात बोलते. मले म्हणे, मलेबी टोपली पायजे.’

तिनं दुसरी टोपली आणली. मधल्या वारी, भेटीचा दिवस नसताना. फाटकावर भांडून आत आली. टोपली आत ठेवली आणि दारापाशी बसून बोलत राहिली. मग येतच राहिली. इंदुताईंना मी सांगितलं, बाई जरा मनानं हलल्यात, बसू द्या. तेही माझ्याच तोंडून गेलं. अंजूला भेटायची इच्छा तिनं पुन्हा दाखवली नाही. मी तास संपवून दाराशी जायचे, उघडून पाहायचे. आत कधी कोणी दिसलं नाही. दोन टोपल्या, ओली माती. दुसऱ्या टोपलीभोवती पाणी सांडलेलं असायचं, जड तांब्या पेलत नसलेल्या हातानं घातल्यासारखं.

तिजेच्या शेवटच्या दिवशी नंदाबाई नवी घागरा-काचळी हातावर टाकून आली. पोरीच्या मापाची.

‘माहीले घेऊन चालली मी,’ ती म्हणाली. ‘हाक मारली का येतो म्हणते.’

‘आणि दुसरी?’

‘तिलेबी म्हटलं चाल. नाही येत. म्हणते, जिची हाय तिनं बोलवावं.’

मग मी म्हणाले, ‘वहिनी, काय म्हणायचं ते शिकवा.’

तिनं शिकवलं. एक छोटं वाक्य, ये गं पोरी घरी, अशा अर्थाचं. मी ते घोकलं. घोकण्यात माझा हात धरणारं या शाळेत कोणी नाही. दारात उभी राहून मी ते वाक्य अंधाराला म्हटलं, एकही चूक न करता.

आत सगळं शांत झालं.

मग कोणीतरी खुदकन हसलं. परक्या बाईनं आपल्यासारखं बोलायचा प्रयत्न केला की लहान मुलं हसतात, तसं. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा. माझं उत्तर बरोबर होतं, पण ते शाळेतलं उत्तर होतं.

‘राहू दे,’ नंदाबाई म्हणाली.

ती आत गेली, आणि अंजूची टोपली डोक्यावर घेऊन बाहेर आली. उजवा हात टोपलीला. डावा हात खाली, जरा बाजूला, मूठ अर्धी मिटलेली. कोणाचातरी हात धरल्यासारखी. ती चालताना खाली पाहून बोलत होती, थांबत होती, मान हलवत होती.

व्हरांडा झाडून काढलेला होता. उन्हात तिची एकटीची सावली होती.

अभ्यासिकेशी ती आली तेव्हा खिडकीतल्या अंजूनं मान वर केली. आई समोरून जात होती. दोघींची नजरानजर झाली. नंदाबाई क्षणभर थांबली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, ‘हे तुह्यापाशी राहू दे. तुह्यासारखीच झाली हाय.’

आणि ती फाटकाबाहेर पडली.

अंजूनं मान खाली घातली आणि लिहू लागली.

दिवाळीत तिला न्यायला कोणी आलं नाही. मी तिला माझ्या क्वार्टरवर आणलं. गुणी मुलगी आहे. अंथरुणाची घडी घालते, वाढलेलं संपवते, आभार मानते. आम्ही दोघी अतिशय शुद्ध मराठी बोलतो, कधी भांडत नाही. घरात इतकी शांतता असते की मी मुद्दाम भांडी आपटते.

एकदा न राहवून मी तांड्यावर फोन लावला. अंजू माझ्यासमोर बसून गणितं सोडवत होती. पलीकडे नंदाबाई बोलत होती, चुलीवर बाटी भाजत असावी, आणि तिच्या मागे कोणीतरी गात होतं. मोठ्यानं, मध्येच शब्द विसरून हसत.

‘वहिनी, मागे कोण आहे?’

‘अंजू हाय,’ ती म्हणाली. ‘दुसरं कोण राहीन?’

फोन स्पीकरवर होता. समोरच्या अंजूनं ते गाणं ऐकलं. पेन थांबलं. तिचा डावा हात टेबलावर होता, त्याची बोटं किंचित हलली.

‘मॅडम, ही कोणती भाषा आहे?’

‘मला येत नाही,’ मी म्हणाले. त्या वर्षात मी तिच्याशी बोललेली ही एकच खरी गोष्ट असेल.

दुसरी टोपली अजून रुईघरात आहे. गहू केव्हाच वाळून काडी झाला. तिचा ओढा तिला कोणी दाखवला नाही, म्हणून ती पाणी घालतच राहते. हिवाळ्यात माती ओली होती. मे महिन्यात शाळेची विहीर आटली, टँकर लावावा लागला, तेव्हाही ओली होती. मी दाराला कान लावून बसते. आधी दोघींचं बोलणं ऐकू यायचं, आता ती एकटीच पुटपुटते. बाकीची पोरं आहेत आत, पण त्यांची बोली तिला कळत नाही आणि तिची त्यांना. अंजूला मीच आत पाठवलं आणि अंजू आईबरोबर निघून गेली. माझ्यामुळे तिच्याशी बोलणारं कोणी उरलेलं नाही. रात्रंदिवस माझ्या मनात दुसरं काही येत नाही. माझं वय वाढलं, केस पिकायला लागले, आणि ती तेवढीच आहे आणि एकटी आहे.

या जूनला प्रवेशाच्या निवडीत इंदुताईंनी माझं मत विचारलं. दिग्रसकडच्या तांड्यावरची एक मुलगी होती, उर्वशी. गुण बेताचे. आईला सोडून राहील असं वाटत नव्हतं. दोन वेण्या, तोंडाला खळ नाही, घरी नुसती गोरबोली.

‘हिला घेऊ या,’ मी म्हणाले.

इंदुताई खूश झाल्या. आपल्या समाजाची तुम्हाला किती तळमळ आहे, म्हणाल्या.

रुईघराच्या दारात उर्वशीनं चपला काढल्या. एक सरळ पडली, एक उलटी. मी वाकून उलटी चप्पल सरळ केली. तिनं माझा हात घट्ट धरला.

‘मॅडम, आत कोण हाय?’

‘कोणी नाही,’ मी म्हणाले, आणि कडी काढली.

आत मातीवर पाणी पडत होतं. आमची चाहूल लागली तसं ते थांबलं.